उजेडाकडे पाठ फिरवणारी अळी

(दृश्य: ओहोटी, प्रवाळाचा चुरा)

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटर आत समुद्रात हेरॉन बेट आहे, ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभिंतीच्या दक्षिण भागात. इथल्या उथळ पाण्यात, प्रवाळाच्या चुऱ्याला चिकटून एक स्पंज, म्हणजे एक साधासा प्राणी, राहतो: अँफिमेडॉन क्वीन्सलँडिका. एकदा चिकटला की जन्मभर तिथंच. त्यामुळे जागा निवडायची ती त्याच्या अळीनं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली अळी)

ही पाहा. रव्याच्या कणाएवढी, फिकट, लांबट. अंगभर बारीक तंतू, ते हलवत स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे सरकते. मागच्या टोकाला बघा, गडद कडं, अगदी बांगडी भरल्यासारखं. या कड्यातल्या पेशींचे तंतू इतरांपेक्षा लांब आहेत.

आता एका बाजूनं दिवा लावू. उजेड वाढला की हे लांब तंतू वाकतात, सावली आली की सरळ होतात. अळी फिरतच असते, म्हणजे कड्याची एक बाजू उजेडात, दुसरी सावलीत. तंतू एकीकडे वाकलेले, एकीकडे ताठ. होडीचं सुकाणू वळवावं तशी अळी वळते आणि अंधाराकडे निघते.

सॅली लेज आणि बर्नार्ड डेग्नन या जीवशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये हे दाखवून दिलं. पण हे घडतं कसं? स्पंजाला मेंदू नाही, एकसुद्धा चेतापेशी नाही. 2010 मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा आपल्या डोळ्यांत प्रकाश टिपणारं ऑप्सिन हे प्रथिनही त्यात सापडलं नाही. मला तर इथं दर वेळी थांबावंसं वाटतं. बघायला डोळा नाही, निरोप न्यायला चेतातंतू नाही, तरी दिशा चुकत नाही! 2012 मध्ये त्या कड्यातच क्रिप्टोक्रोम आढळलं. निळा प्रकाश टिपणारं हे प्रथिन वनस्पतींतही असतं.

(दृश्य: मावळती, मग काळोख)

अळ्या दुपारी आईच्या अंगातून बाहेर पडतात. रुतायला त्यांना खडकावरचं गुलाबी, चुनखडीसारखं शेवाळ आवडतं. पण प्रयोगशाळेत दिवा अखंड चालू ठेवला, तर तेच शेवाळ समोर असूनही त्या पोहतच राहतात. अंधार पडावा लागतो.

मग पुढचं टोक टेकतं, अंग चपटं होतं. वरून ते गडद कडं अजून दिसत असतं. तीन-चार दिवसांत इवलासा स्पंज पाणी आत ओढू लागतो.