नामुली: आधी राणीची परवानगी

मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतातलं गुरुए. चहाचे मळे संपतात आणि त्यांच्या मागे थेट कातळ सुरू होतो. पाऊस पडून गेला की या उघड्या ग्रॅनाइटवरून पाणी उतरतं आणि अख्खी भिंत चकाकते.

हा नामुली. उंची २,४१९ मीटर. देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर.

इथले लोम्वे लोक सांगतात, माणूस पहिल्यांदा याच डोंगरातून खाली आला. त्यामुळे वर जायचं तर आधी राणीची परवानगी घ्यायची. राणी म्हणजे इथली परंपरेने आलेली प्रमुख. झाडाच्या बुंध्याशी ज्वारीचं पीठ ठेवून पूर्वजांना कळवलं जातं, मगच वाट धरायची. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा या डोंगराला नाही. त्याची राखण झाली ती या रिवाजाने.

वरच्या घळींमध्ये धुक्यावर वाढलेलं रान आहे. इथेच १९३२ साली पक्षी-अभ्यासक जॅक व्हिन्सेंट यांना नामुली अपॅलिस सापडला: राखाडी डोकं, पिवळं पोट, मुठीत मावेल एवढा पक्षी. त्यांच्या नावाची खार तर जगात दुसरीकडे कुठेच आढळलेली नाही. पुढे मोठा खंड पडला, त्यात यादवी युद्धही होऊन गेलं. पक्षी-अभ्यासकांचा पुढचा गट इथे पोचला १९९८ साली.

आता रानाची ही कड बघा. ही वाफ्यांची ओळ बटाट्याची.

बटाट्याला गारवा लागतो आणि भुसभुशीत माती लागते. पिढ्यान्‌पिढ्या पानं कुजून तयार झालेली अशी काळी माती रानातच मिळते. आधी खालची झुडपं साफ करतात. मग मोठी झाडं पाडतात किंवा बुंध्याशी जाळ लावून उभी वाळवतात. पहिलं पीक भरघोस येतं. पुढे कस उतरतो, शेतकरी कड आणखी आत सरकवतो, आणि सोडलेल्या जागेत नेचे माजतात. त्यांच्या दाटीत झाडाचं रोप वर येत नाही. कोरड्या दिवसांत गवताला लावलेली आग याच कडेवर येऊन धडकते.

आणि हा प्रश्न फक्त डोंगरापुरता नाही: लिकुंगो नदी याच डोंगरात उगम पावते, मोकुबा शहर तिच्याच काठी आहे.

बटाटा हेच इथलं रोख पैशाचं पीक. नुसती बंदी घातली तर पहिला घाव या घरांवर बसेल. आधी खालच्या, सोडून दिलेल्या जमिनीचा कस परत आणायला हवा, आणि रानाची हद्द राणी आणि गावकरी यांनी मिळून आखायला हवी.