कड्यावरचे आकडे

(पडदा काळा. फक्त आवाज: टक्-टक्-टक्-टक्.)

बॅटरीच्या ड्रिलने स्क्रू बसवताना हा आवाज आला की नवखा माणूस दचकतो. मशीन बिघडलं, असं वाटून तो पुढचं कडं ड्रिलचं चित्र असलेल्या खुणेपर्यंत फिरवतो. आवाज बंद होतो, आणि पुढच्या स्क्रूचं डोकं सोलून निघतं, नाहीतर तो प्लायवूडमध्ये नको तेवढा खोल घुसतो. खरं तर मशीन एवढंच सांगत होतं की स्क्रू बसला, आता पुरे.

(पुढचं फिरतं टोक, म्हणजे बिट, धरणारा चक. त्याच्या मागचं कडं, जवळून.)

हा क्लच. त्यावर १ पासून साधारण २० पर्यंत आकडे. आकडा लहान असला की थोडाही अडथळा आला तरी क्लच सुटतो. आत मोटर फिरत राहते, स्क्रू मात्र थांबतो. कुठल्या कामाला कितवा आकडा, याचं कोष्टक पाठ करू नका, कारण प्रत्येक मशीनचं माप वेगळं. लहान आकड्यापासून सुरुवात करा आणि स्क्रू पुरता बसत नसेल तर एकेक घर वाढवा. ड्रिलची खूण फक्त भोक पाडण्यासाठी. तिथे क्लच कामच करत नाही.

खरेदी करताना या कड्याबद्दल कुणी विचारत नाही. सगळं बोलणं व्होल्टचं. त्यातही १८ आणि २० व्होल्टवरून उगाच वाद होतात. बॅटरीत पाच सेल एकापुढे एक, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे, म्हणजे झाले १८. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या तोच सेल ४ व्होल्टच्या वर असतो, म्हणून काही जण २० छापतात. बॅटरी तीच! १०.८ आणि १२ चंही तसंच. फर्निचर जोडणं, बिजागऱ्या, लाकडातली भोकं एवढंच काम असेल तर १२ व्होल्टचं हलकं मशीन बरं. विटांच्या भिंतीत गिट्ट्या, म्हणजे स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या, बसवायच्या असतील तर १८ व्होल्टचं, हॅमर असलेलं, म्हणजे फिरता फिरता ठोकणारं घ्या. काँक्रीटच्या बीमशी मात्र त्यानेही झुंजू नका. त्यासाठी रोटरी हॅमर, म्हणजे जास्त जोराने ठोकणारं वेगळं मशीन लागतं, आणि ते कुणाकडून मागून आणलेलंच परवडतं.

घेण्याआधी मशीन बॅटरीसकट हातात धरा, हात डोक्याच्या वर न्या आणि मिनिटभर तसंच राहा. खांदा काय म्हणतो ते ऐका. आणि एक: एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला सहसा बसत नाही. म्हणजे पहिलं ड्रिल घेताना पुढच्या सगळ्या हत्यारांची बॅटरीही तुम्ही ठरवून टाकता.

(जुनी छायाचित्रं.)

विजेवर चालणारं हातातलं ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीत फाइन कंपनीने केलं. वायर सुटायला १९६१ उजाडलं; ब्लॅक अँड डेकरचं ते ड्रिल निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालायचं. आणि १९७१ मध्ये बॅटरीचं ड्रिल थेट चंद्रावर पोचलं, अमेरिकेच्या अपोलो १५ मोहिमेबरोबर. तिथे सुमारे ३ मीटर खोल भोकं पाडायची होती, पण ड्रिल जेमतेम दीड मीटरवर अडलं. कारण अगदी घरगुती. ड्रिलला जोडायच्या नळ्यांच्या सांध्यांपाशी पन्हळी, म्हणजे बाहेरच्या वळणदार खाचा, तुटक होत्या, त्यामुळे खालचा भुगा वर येईना.

(भिंत. बिटावर गुंडाळलेली रंगीत टेप.)

तुमच्या भिंतीतही हेच घडतं. बिटावरच्या पन्हळी भुगा बाहेर काढण्यासाठीच असतात. तेव्हा एकदम रेटू नका. थोडं आत गेलं की बिट फिरतं ठेवूनच मागे घ्या, भुगा झडू द्या, पुन्हा आत न्या. टेपची खूण म्हणजे खोलीची हद्द. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. टाइलवर हॅमर बंद. टाइल पार झाली की मगच चालू. डोळ्यांना चष्मा हवा. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या चकमध्ये कापड अडकलं तर बोटही ओढलं जातं.

६ मिमीच्या गिट्टीला ६ मिमीचंच बिट. गिट्टी भिंतीशी सपाट होईपर्यंत ठोका. स्क्रूचे पहिले दोन आटे हाताने धरवा. आता कडं लहान आकड्यावर, गिअर १ वर, म्हणजे कमी वेगावर, आणि चाप हळू.

(टक्-टक्.)