पोटातल्या पडद्याची खबर

(गोव्यात फोंड्याला किडनीचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पोटाचं डायलिसिस घरीच करणारे बरेच जण समोर दिसताहेत. काणकोण-सत्तरीच्या आतल्या गावातून आठवड्याला तीनदा मशीनवर जायचं म्हणजे दिवस गेलाच, म्हणून तुम्ही बॅगेचा मार्ग धरलात: बॅगेतलं साखरेचं पाणी नळीनं पोटात घालायचं, आणि काही तासांनी रक्तातला कचरा व जादा पाणी घेऊन ते बाहेर काढायचं. मशीनचा फिल्टर बदलता येतो. तुमचा फिल्टर म्हणजे आतड्यांवरचा पातळ पडदा, पेरिटोनियम. तो एकच आहे आणि जपूनच वापरायला हवा.

काढलेलं पाणी ओतण्याआधी बॅगेमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली पाहिजेत. गढूळ असेल तर ती बॅग घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. एका मायक्रोलिटरमध्ये १०० हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, सापडल्या, तर आम्ही संसर्ग धरूनच औषध सुरू करतो.

पण पडदा हळूहळू खराब होतो तेव्हा पाणी स्वच्छच दिसतं. ते ओळखायला पेट चाचणी आहे, म्हणजे पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट; कर्करोगाचं पेट स्कॅन नव्हे. दोन लिटरची बॅग चार तास पोटात ठेवायची, मग पाण्यातलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा एक कचरा, ताडून पाहायचं. पाण्यातल्याचं रक्तातल्याशी गुणोत्तर ०.८१ च्या वर गेलं की पडदा फार वेगानं झिरपतो. कचरा लवकर बाहेर येतो, पण बॅगेतली साखरही तितक्याच लवकर रक्तात शिरते आणि पाणी ओढणारं काही उरत नाही. ४.२५ टक्के साखरेच्या बॅगेनं चार तासांत ४०० मिलीसुद्धा जादा पाणी निघालं नाही, तर पडदा थकला असं समजायचं. त्याच बॅगेत तासाभरानं सोडियमही मोजावं. निरोगी पडद्यात ॲक्वापोरिन नावाच्या सूक्ष्म वाटांतून नुसतं पाणी येतं, त्यामुळे बॅगेतलं सोडियम पातळ होऊन उतरतं. ते उतरलंच नाही तर काळजी करावी.

याच पाण्यात आणखी दोन खुणा असतात. इंटरल्युकिन-६ हे सुजेत वाढणारं प्रथिन. ते वाढलं तर आत सूज धुमसते आहे. दुसरी सीए-१२५. हे नाव अंडाशयाच्या कर्करोगाच्या रक्ततपासणीत ऐकून बायका घाबरतात. बॅगेतल्या पाण्यात त्याचा अर्थ निराळा: ते पडद्यावरच्या पेशींमधून येतं. वर्षानुवर्षं आकडा घसरत गेला, तर पेशींचा थर विरळ होतोय. संसर्गात पेशी गळतात आणि आकडा उसळतो, म्हणून तेव्हाचा आकडा धरू नये. या दोन तपासण्या अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. त्यांच्या एका आकड्यावर उपचार बदलावेत, असं मला वाटत नाही. त्याच माणसाचे आधीचे आकडे शेजारी असले, तरच त्यांना किंमत.

आता मला सगळ्यात तळमळीनं सांगायचंय ते मिठाबद्दल. पावसाळ्याची बेगमी म्हणून घरात सुके बांगडे असतात, मिठातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, असतात. मीठ गेलं की तहान लागते, पाणी पोटात जातं, सूज चढते, मग जास्त साखरेची बॅग लावावी लागते. साखरेच्या रोजच्या माऱ्यानं पडद्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तो जाड होतो. स्वयंपाक करणाऱ्या बायांनो, हे तुमच्या हातात आहे.

वहीत रोजचं वजन, बॅगेची टक्केवारी, आत किती घातलं आणि बाहेर किती आलं, एवढं लिहा. संसर्ग झालाच, तर तो बरा झाल्यावर महिनाभर थांबून पेट चाचणी पुन्हा करून घ्या, आणि जुना रिपोर्ट बरोबर आणा.