ज्याचा पंप, त्याची भरपाई

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी शेती करणाऱ्यांनी हे नक्की पाहिलं असेल. उसातल्या तणावर कोणी टू-फोर-डी मारलं, वारा फिरला आणि औषध शेजारच्या कपाशीवर गेलं. काही दिवसांत कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात, शेंडे वाकडे होतात. मग बांधावर तंटा होतो आणि चार माणसं बसतात. “मी तर माझ्याच रानात मारत होतो” हे तिथे चालत नाही. ज्याचा पंप, त्याची भरपाई.

आज मला बोलायचंय ते व्हिएतनामबद्दल. तिथे औषध वाऱ्यानं गेलं नव्हतं, विमानातून मुद्दाम मारलं होतं. आपल्या ओळखीचं टू-फोर-डी आणि तेवढंच टू-फोर-फाइव्ह-टी एकत्र करून बनवलेलं हे मिश्रण. पिंपावर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून नाव पडलं एजंट ऑरेंज. व्हिएतनामच्या युद्धात, १९६१ ते १९७१ या काळात, अमेरिकेनं अशी वेगवेगळी तणनाशकं मिळून सात कोटी लिटरहून जास्त फवारली. जंगलात लपलेला शत्रू दिसावा म्हणून झाडांची पानं झडवली, त्याला अन्न मिळू नये म्हणून उभी पिकंही जाळली. टू-फोर-फाइव्ह-टी बनवताना त्यात डायऑक्सिन उतरत होतं. हे विष वर्षानुवर्षं मातीत राहतं. तळ्याच्या गाळातून माशात येतं, बदकात येतं आणि तिथून माणसाच्या ताटात.

तीच पिंपं हाताळणारे अमेरिकी सैनिकही आजारी पडले. १९८४ मध्ये रसायन कंपन्यांनी त्यांच्याशी १८ कोटी डॉलरची तडजोड केली. १९९१ मध्ये कायदा झाला. व्हिएतनामच्या जमिनीवर पाय ठेवलेल्या सैनिकाचा विषाशी संबंध आला, असं सरकार धरून चालेल. ठराविक आजार झाला तर पुरावा न मागता पैसे मिळतील. कायदा चांगलाच आहे. तीस वर्षांपूर्वी कोणत्या दिवशी अंगावर काय उडालं, हे आजारी माणसानं कुठून सिद्ध करायचं?

पण हाच प्रश्न व्हिएतनामी माणसांनी अमेरिकेच्या कोर्टात जाऊन विचारला, तेव्हा २००५ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा फवारणीला बंदी नव्हती आणि आजार याच विषानं झाला हे सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालय म्हणालं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दार लावून घेतलं. या विषानं मुलांत जन्मतःची व्यंगं येतात का, याबाबत शास्त्रज्ञांत वाद आहे, मला ते मान्य आहे. पण संशयाचा फायदा आपल्या सैनिकाला द्यायचा आणि ज्या बाईच्या विहिरीवर फवारलं तिच्याकडे पुरावा मागायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

नंतर अमेरिकेनं काहीच केलं नाही, असं नाही. व्हिएतनाममधल्या दा नांगच्या विमानतळावर, जिथे ही पिंपं साठवली जायची, तिथली माती खणून काँक्रीटच्या मोठ्या हौदात भरली आणि तीनशे अंशांच्या वर तापवून विष मोडलं. २०१८ मध्ये ते काम पुरं झालं. फवारलेल्या भागातल्या अपंगांसाठीही पैसा येतो. मात्र कागदावर शब्द असतात ‘कारण काहीही असो’. म्हणजे मदत करू, पण आमच्यामुळे झालं असं म्हणणार नाही.

आणि मदत म्हटली की ती देणाऱ्याच्या मर्जीवर. बिएन होआचा विमानतळ दा नांगहून कितीतरी जास्त विषारी आहे, जवळून दोंग नाय नदी वाहते. २०१९ पासून तिथे सफाई चालू आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं जगभरची मदत एका फटक्यात थांबवली, तेव्हा हे कामही थांबलं. पुढे ते परत सुरू झालं. पण मधल्या त्या आठवड्यांत खणलेली विषारी माती तशीच पडून होती आणि पावसाळा तोंडावर आला होता.