भीमसेन पळाले तेव्हा इन्शुरन्स होता का?

(टेक्सासातल्या ऑस्टिनच्या आमच्या मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. मागे मसाला दूध उकळतंय आणि तुमचं अर्धं लक्ष तिकडे आहे, हे मला इथून दिसतंय. अध्यक्षांनी विषय दिला होता ‘ऑस्टिन आणि संगीत’. मी अगदी शहाण्यासारखी टिपणं काढली होती. पण गेल्या रविवारी आमच्या घरी जे झालं, त्यानंतर ती टिपणं पर्समध्येच राहिली आहेत.

आमची धाकटी तुम्हाला ठाऊक आहे. याच स्टेजवर बालनाट्यात उंदीर झाली होती आणि ऐन वेळी शेपूट गळून पडलं होतं, तीच. आता चोवीस वर्षांची आहे. यूटीतून, म्हणजे इथल्या टेक्सास विद्यापीठातून, पदवी घेतली, बऱ्या पगाराची नोकरी धरली आणि संध्याकाळी एका ऑल्ट-कंट्री, म्हणजे रॉकच्या अंगाने कंट्री गाणाऱ्या, बँडमध्ये पेडल स्टील वाजवायला लागली. तोवर आम्ही कौतुकच करत होतो. रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, नोकरी सोडतेय. बँडबरोबर दौऱ्यावर निघालेय. आधी लबक, मग अमारिलो, तिथून पुढे न्यू मेक्सिको. व्हॅनमधून.

मी जे विचारलं ते तुमच्यापैकी कुठल्याही आईने विचारलं असतं. “आणि हेल्थ इन्शुरन्स?”

तिने बशी खाली ठेवली. म्हणाली, “आई, भीमसेन पळाले तेव्हा त्यांच्याकडे इन्शुरन्स होता का?”

हसा, हसा. नवराही हसला, म्हणून मग त्याच्याशीही भांडण झालं.

ही गोष्ट तिला मीच सांगितलेली. रात्री झोपवताना, किती वेळा. गदगचा अकरा वर्षांचा पोरगा, तुपावरून आईशी भांडण, खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, डब्यात गाणी म्हणत गुरू शोधत थेट ग्वाल्हेरपर्यंत. सांगताना माझा आवाज भरून यायचा. पण त्या गोष्टीत भीमसेनांची आई पुढे कुठे जाते? ती तुपाच्या वाटीपाशीच राहते. तिने त्या रात्री काय केलं, याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. हल्ली दुसरं काही येत नाही.

पेडल स्टील म्हणजे काय, ते पाहिलं नसेल तर सांगते. बसून वाजवायचं, टेबलाएवढं वाद्य. दहा तारा. डाव्या पायाखाली तीन पेडल, दोन्ही गुडघ्यांनी इकडेतिकडे ढकलायचे लिव्हर, उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं आणखी एक पेडल. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या, डाव्या हातात तारांवरून सरकवायचा गुळगुळीत पोलादी दांडा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवऱ्याला कोपर मारून म्हटलं, अरे, ही तर मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणारी! त्यात नवल काही नाही. हवाईची स्टील गिटार एकीकडे टेक्सासात आली, १९३०च्या दशकात बॉब विल्सच्या नाचाच्या बँडमध्ये शिरली. दुसरीकडे ती कलकत्त्याला उतरली, आपल्या सिनेमांतल्या गाण्यांत गेली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. म्हणजे आमची मुलगी काही परक्याच्या घरात शिरलेली नाही, अशी मी स्वतःची समजूत घालते. लबकचे पेडल स्टीलवादक लॉइड मेन्स हे तिचं दैवत. एकाच वाक्यावर थांबून थांबून त्यांना ऐकते, माझे बाबा वसंतरावांची टेप मागे फिरवायचे तशी.

कानाला सवय व्हावी म्हणून तिनेच मला एका रविवारी बर्नेट रोडवरच्या लिटल लाँगहॉर्न सलूनमध्ये नेलं. मी सिल्कचा कुर्ता घालून गेले. गाण्याला जायचं म्हणजे कसं जायचं, हे आपल्याला शिकवलेलं असतं ना. तिथे एका पाटावर आकडे लिहिलेले, वर जाळीचा पिंजरा, आत कोंबडी. लोक आकड्यांची तिकिटं घेतात आणि कोंबडी ज्या आकड्यावर शिटते तो जिंकतो. बाजूला बँड तन्मयतेने वाजवतोय आणि सगळं पब्लिक कोंबडीकडे डोळे लावून. मी नाक मुरडणार होते, पण आपले कार्यक्रम आठवले. आपल्याकडे बँड वाजत असतो आणि पब्लिकचे डोळे जेवणाच्या रांगेकडे असतात. कोंबडीचं निदान तिकीट तरी काढतात.

पंचवीस-तीस वर्षं आपण या गावात राहतोय. सासूसासरे आले की कॅपिटॉल, वटवाघळांचा पूल, बालाजीचं देऊळ. साउथ लमारवरचा ब्रोकन स्पोक १९६४ पासून तिथे आहे. किती जण गेलाय? हात वर करा. …चार. आणि त्यातल्या दोघांना ऑफिसच्या पार्टीने नेलेलं आहे.

इतिहास फार सांगत नाही. कंट्री गायक विली नेल्सन नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीला, कंटाळून टेक्सासला परत आला आणि ऑगस्ट १९७२मध्ये ऑस्टिनच्या अर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स या सभागृहात गायला. नॅशनल गार्डची जुनी इमारत होती ती. एका बाजूला लांब केसांची कॉलेजची पोरं, दुसऱ्या बाजूला हॅटवाले, आणि मारामारी न होता दोघंही एकच गाणं ऐकत होते. १९८०च्या शेवटच्या रात्री ते बंद झालं आणि त्या जागी ऑफिसची इमारत आली. अशा इमारतींतच आपण नोकऱ्या करतो, एवढं लक्षात ठेवा. ‘ऑल्ट-कंट्री’ हे लेबल बरंच नंतरचं. १९९० साली इलिनॉयच्या अंकल टुपेलोची रेकॉर्ड आली, मग डॅलसचे ओल्ड ९७’स वगैरे. टेक्सासवाले म्हणतात, आम्ही हे आधीपासून करतोय, तुम्ही नाव आत्ता ठेवलंत.

लबकच्या तीन पोरांची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. जो इली, बुच हँकॉक आणि जिमी डेल गिल्मोर, बँडचं नाव फ्लॅटलँडर्स. १९७२मध्ये त्यांनी नॅशव्हिलला रेकॉर्डिंग केलं. ते फक्त एट-ट्रॅक टेपवर, त्या काळच्या जाडजूड कॅसेटवर, निघालं आणि बुडालं. बँड मोडला. गिल्मोर गाणं बाजूला ठेवून डेन्व्हरला गेला, आणि तेसुद्धा कशासाठी? आपल्याकडून आलेल्या एका पोरसवदा गुरुमहाराजांच्या आश्रमात राहायला! लबकमधल्या त्याच्या आईचा मी विचार करते. तिने नक्की म्हटलं असणार, बाबा रे, गिटार वाजव, हवं ते कर, पण त्या इंडियन लोकांच्या नादी लागू नकोस. ते रेकॉर्डिंग १९९०मध्ये पुन्हा निघालं तेव्हा लोकांना कळलं, काय होतं ते. अठरा वर्षं.

इन्शुरन्सचा मुद्दा मी सोडलेला नाही. मुलीला वाटतं मी कंजूष मध्यमवर्गीय आहे, आणि मी आहेच. पण सॅन अँटोनिओत जन्मलेला गायक अलेहांद्रो एस्कोवेदो बघा. १९९०च्या दशकातला सर्वोत्तम कलाकार म्हणून ज्याला या क्षेत्रातल्या मासिकाने गौरवलं तो माणूस. २००३मध्ये हेपटायटिस सीने कोसळला, तेव्हा इन्शुरन्स नव्हता. मित्रांनी त्याची गाणी गाऊन २००४मध्ये दोन सीडींचा अल्बम काढला आणि पैसे उभे केले. २००५मध्ये ऑस्टिनमध्ये हॅम सुरू झालं, कमी मिळकतीच्या संगीतकारांना औषधोपचार आणि इन्शुरन्स मिळवून देणारी संस्था. वर्षातून एकदा त्यांच्यासाठी गावभर गाणी होतात. मी हे सगळं वाचून, छापून मुलीसमोर ठेवलं. ती म्हणाली, “मला माहीत आहे, आई. आमचा गिटारवाला त्यांच्याकडूनच दात करून आलाय.” तिला अजून दोन वर्षं आमच्या पॉलिसीवर राहता येतं. सव्विसाव्या वाढदिवसाची इतकी धास्ती मी माझ्या स्वतःच्या लग्नाचीसुद्धा घेतली नव्हती.

हा गिटारवाला म्हणजे बँडचा म्होरक्या. पन्नाशी उलटलेली, गाणी तोच लिहितो, आणि मला ती आवडतात, हे कबूल करायला मला बराच वेळ लागला. दिवसा लोकांच्या बाथरूममध्ये फरश्या बसवतो, त्यामुळे गुडघे गेलेत. ऑस्टिनचं भाडं झेपेना म्हणून लॉकहार्टला राहायला गेला. आपण तिथे बार्बेक्यूच्या रांगा पाहायला जातो, तो तिथून रोज येतो. परवा एका बारमध्ये तीन तास वाजवलं. दाराचे पैसे आणि बरणीतली टिप पाच जणांत वाटून आमच्या मुलीच्या हाती साठ डॉलर आले, त्यातले अठरा पार्किंगला गेले. २०१५मध्ये शहरातल्या संगीतकारांची पाहणी झाली, तेव्हा बहुतेकांची संगीतातली वर्षाची कमाई दहा हजार डॉलरच्या आत निघाली. आणि विमानतळावर बॅगा येतात तिथे आपलं स्वागत करायला मोठाल्या गिटारी.

आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका, रागावलात तर दूध पिऊन मग रागवा. पुण्या-मुंबईचा कलाकार आला की आपण तिकीट, हॉटेल, मानधन सगळं देतो, आणि द्यायलाच हवं. त्यांना साथ करणारा इथला तबलजी? नारळ, शाल आणि “वहिनींनाही जेवायला आणा.” तो घरचाच ना! साउंडवाला मात्र अमेरिकन, त्याचा चेक कार्यक्रमाआधी तयार असतो. आपल्या मुलांना आपण आठ-आठ वर्षं तबल्याला, गाण्याला, भरतनाट्यमला गाडीतून नेतो. कॉलेजचा अर्ज पाठवला की पुढच्या महिन्यात क्लास बंद. मुलं मूर्ख नसतात, त्यांना त्यातलं सगळं कळतं. आमच्या धाकटीने फक्त अर्ज पाठवल्यावरही क्लास बंद केला नाही, एवढाच तिचा गुन्हा.

इथवर मी तिच्या बाजूने बोलतेय असं वाटेल. तसं नाही. पैशांचं कसंतरी होईल; आपण पुरवू, ती फरश्या बसवायला शिकेल. मला झोप लागत नाही ती दुसऱ्या कारणाने. आपली मुलं ऑफिसात जातात, हिचं ऑफिस म्हणजे बार. तिथला मालक बँडला पैसे देतो ते दारू खपते म्हणून. गाणी लिहिणारा-गाणारा टाउन्स व्हॅन झँट फोर्ट वर्थच्या बड्या घरातला. तरुणपणी त्याची लक्षणं पाहून आईवडील घाबरले आणि त्याला गॅल्व्हेस्टनच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. तिथे इन्शुलिनच्या शॉकचे उपचार झाले आणि लहानपणच्या आठवणी बऱ्याचशा पुसल्या गेल्या. नंतर त्याने लिहिलेली गाणी आज सगळे गातात, आणि १ जानेवारी १९९७ला बावन्नाव्या वर्षी तो गेला. दारूने पोखरलेला होता. त्याच्या आईने मुलाला अडवलं, तरी ते झालं. न अडवणाऱ्या आयांच्या मुलांचंही झालंय. मग मी काय करायचं? मुलीला विचारलं तर म्हणते, मी फक्त टोपो चिको, बाटलीतलं सोड्याचं पाणी, पिते. मी विश्वास ठेवते. रात्री दोन वाजता फोन बघतेही.

आता कामाचं. खजिनदारांना मी सकाळीच सांगितलंय, पाडव्याच्या कार्यक्रमात इथल्या वादकांना मानधन द्यायचं, आणि तो आकडा आधी ठरवायचा. ते म्हणाले, कमिटीत ठेवू. कमिटीत ठेवलेल्या गोष्टींचं काय होतं ते आपण जाणतो, म्हणून सगळ्यांसमोर बोलतेय. आणि पुढच्या गुरुवारी, दौऱ्याला निघण्याआधी मुलीचा बँड गावात वाजवणार आहे. पत्ता दाराशी लिहून ठेवलाय. प्रवेश दहा डॉलर, पासेस नाहीत, मंडळाचं सभासदत्व चालत नाही. कृपा करून पेडल स्टीलवर कोणी नाट्यगीताची फर्माईश करू नका. नवऱ्याने करून झालीय.