पंखा मे महिन्यात घ्यायचा नसतो

मघाशी जिना चढताना एक काकू भेटल्या, म्हणाल्या बरं झालं आलात, आमच्या हॉलचा पंखा हल्ली नुसता फिरतो, हवाच लागत नाही, नवीन कुठला घेऊ सांगा. तर आधी त्यांचंच बोलते. काकू, नवीन काही घेऊ नका अजून. आधी कंडेन्सर बदला, म्हणजे पंख्याच्या मोटरला जोर देणारा छोटा डबीसारखा भाग. सीलिंग फॅनला बहुतेक वेळा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा, हे त्याचं माप) कंडेन्सर असतो, वरच्या कपात दडलेला, तो वर्षानुवर्षं उकाड्यात तापून कमजोर होतो आणि मग पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो. शंभर रुपयांच्या आत वस्तू येते, वर वायरमनची मजुरी. माझ्या दुकानात "पंखा गेला" म्हणून येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना मी कंडेन्सर देऊन परत पाठवलंय. पण घरघर आवाज येत असेल तर बेअरिंग बघावं लागतं, आणि जळका वास आला असेल, पंखा वीस वर्षांचा असेल, तर मात्र वायंडिंगवर, म्हणजे मोटरमधली तार नव्याने गुंडाळण्यावर, पैसे घालू नका, तिथे नवीनच घ्या.

परळला आमचं इलेक्ट्रिकलचं छोटं दुकान होतं, बावीस वर्षं मी आणि मिस्टरांनी चालवलं. पंखे कधी विकले जातात ते मला कॅलेंडर न बघता सांगता यायचं. मे महिन्यात रात्री साडेनऊला आम्ही शटर अर्धं खाली घेतलेलं असायचं आणि कोणीतरी धावत यायचं, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, घरी बाळंतीण नाहीतर आजारी आई, म्हणायचे ताई जो असेल तो द्या. आता "जो असेल तो" म्हणजे काय, तर जो उरलाय तो. चांगली मॉडेल एप्रिलमध्येच संपलेली, कंपनीकडून माल यायला आठवडा, आणि वायरमन तर त्या दिवसांत फोनच उचलत नाही. मग आठ बाय दहाच्या खोलीत चौदाशे मिलिमीटरचा मोठ्या पात्यांचा पंखा लागतो, नाहीतर मोठ्या हॉलमध्ये नऊशे मिलिमीटरचा छोटा. मला ते विकताना कधी बरं वाटलं नाही, खरंच सांगते, कारण तो माणूस पुढची पंधरा वर्षं त्या एका रात्रीच्या घाईखाली झोपणार असतो.

म्हणून माझं म्हणणं, पंखा संक्रांत ते होळी या दिवसांत घ्या. दुकानदार याच वेळेला सीझनचा माल भरतो, सगळे साइज आणि रंग असतात, गर्दी नसते म्हणून तो तुम्हाला चालवून दाखवतो, आणि भावातही ऐकतो. पाडव्याला ऑफर असतात, नाही असं नाही, पण तोवर उकाडा सुरू झालेला असतो आणि दुकानदाराला तुमची गरज कळलेली असते. दुसरी चांगली वेळ जुलै-ऑगस्ट, पाऊस पडत असताना. लोकांना वाटतं उन्हाळा संपला, आता कशाला, पण मुंबईत दसऱ्याच्या आसपास दुसरा उन्हाळा येतोच ना, ऑक्टोबर हीट. फक्त पावसाळ्यात घेताना बॉक्सवरची तयार झाल्याची तारीख बघा, फार जुना पडून राहिलेला माल नको.

आता कुलरचं. दर वर्षी कोणीतरी विचारतं, एसी परवडत नाही, कुलर घेऊ का. मुंबईत घेऊ नका हो. कुलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना हवा गार होते, पण वाफ व्हायला हवा कोरडी लागते. नागपूरला मे महिन्यात हवा कोरडी खडखडीत असते, तिथे कुलर म्हणजे अमृत. आपल्याकडे समुद्राची दमट हवा, ती आधीच पाण्याने भरलेली, तिच्यात तुम्ही आणखी पाणी सोडता, खोली गार होत नाहीच, वर अंगाला चिकचिक आणि कपाटाला बुरशी. पंख्याचं काम वेगळं आहे, तो खोली गार करत नाही, तो तुमच्या अंगावरचा घाम सुकवतो, म्हणून खोलीत माणूस नसताना पंखा चालू ठेवण्यात काही अर्थ नसतो. आणि मुंबईचा पारा ४० च्या वर क्वचितच जातो हे आपलं नशीब, कारण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा लावू नये, तो उलट अंग तापवतो. तुमची बहीण चंद्रपूरला असेल तर तिला हे नक्की सांगा.

घ्यायचा कुठे? एकच पंखा हवा असेल तर गल्लीतल्या दुकानातून घ्या. शे-दोनशे रुपये जास्त जातील, पण तोच माणूस फिटिंगला पोरगा पाठवेल आणि सहा महिन्यांनी आवाज आला तर तुम्ही त्याच्यासमोर जाऊन उभं राहू शकता. तीन-चार पंखे हवे असतील, घराचं काम काढलं असेल, तर लोहार चाळ. क्रॉफर्ड मार्केटजवळ, सीएसएमटीवरून चालत जाता येतं, एका गल्लीत वायर, एका गल्लीत दिवे, पंखे, सगळा होलसेल कारभार. पहिल्या दुकानात भाव विचारा, घेऊ नका, चार दुकानं फिरा. पक्कं बिल मागा, कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचतात पण वॉरंटी जाते. ऑनलाइनचं मी वाईट म्हणत नाही, भाव बघायला ते चांगलंच आहे, पण पाती वाकलेली आली तर पंखा डुगडुगतो आणि ते लावल्याशिवाय कळत नाही. माझ्या जावेने असाच मागवला होता, परत करण्यात तीन आठवडे गेले, तेही ऐन एप्रिलमध्ये.

एक शब्द आता सगळ्या दुकानांत ऐकू येईल, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा पंखा. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. रोज बारा तास धरलात तर साधा महिन्याला २७ युनिट, हा ११. म्हणजे एका पंख्यामागे १६ युनिट, युनिटला आठ रुपये धरा, सव्वाशेच्या वर वाचले. हजार-दीड हजार जास्त द्यावे लागतात ते वर्षभरात वसूल. यातली अ‍ॅटमबर्ग कंपनी तर आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेल्या मुलांनी २०१२ साली काढलेली, आणि आता जुन्या कंपन्याही हेच पंखे काढतात. पण दोन गोष्टी सांगून ठेवते. याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून डायरेक्ट करावा लागतो. आणि आत सर्किट असतं, ते गेलं तर कोपऱ्यावरचा वायरमन दुरुस्त करू शकत नाही, कंपनीचाच माणूस लागतो, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस तुमच्या भागात आहे का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. जो पंखा दिवसातून एकदोन तासच चालतो, समजा देवघरातला, तिथे साधाच बरा.

स्टारचं लेबल सीलिंग फॅनला १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे. त्यावर नुसते तारे मोजू नका, हवा किती फेकतो तो आकडा बघा. पुष्कळ जण आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते विचारतात, पण पातं अरुंद आणि सपाट असेल तर कितीही गरागरा फिरलं तरी खाली बसलेल्याला वारा नाही.

आणि रॉड. जुन्या चाळीत छत उंच, तिथे लांब रॉड लावून पंखा खाली आणायचा. नव्या बिल्डिंगमध्ये स्लॅब खाली, मग लोक रॉड इतका कापतात की पाती छताला टेकायलाच बाकी. पंखा वरची हवा ओढून खाली टाकतो, वर फूटभर जागा नसेल तर ओढणार काय? तरी पाती जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास राहायला हवीत, पलंगावर उभं राहून नातवंडं हात वर करतात, हे मी घाबरवायला सांगत नाही, हात कापलेला बघितलाय मी.

मी या शनिवारी लोहार चाळीत जाणारच आहे, जावेच्या घरचे दोन पंखे आणायचेत. रविवारी मार्केट बंद असतं म्हणून शनिवार. ज्यांना यायचंय त्यांनी साडेदहाला खाली गेटपाशी या, आणि खोली किती बाय किती, हुकापासून जमीन किती फूट, हे टेपने मोजून कागदावर लिहून आणा. काकू, तुम्ही मात्र आधी कंडेन्सर.