पहिली ओळ नेमकी कोणाची?

(काळा पडदा. टाइपरायटरचा आवाज. एकेक शब्द उमटत जातो.)

"आज आई गेली. किंवा काल असेल, नक्की माहीत नाही."

कादंबरीच्या पहिल्या ओळीवरून लेखकाचा स्वभाव कळतो का? असं लिहिणारा माणूस कसा असेल? कोरडा. काळजाच्या जागी दगड असलेला. निदान आईशी फारसं न पटणारा. आल्बेर काम्यूची 'द आउटसायडर' ही कादंबरी १९४२ मध्ये आली, तिची ही पहिली ओळ. ही ओळ वाचून मी तरी लेखकाबद्दल पहिल्यांदा हेच मत करून घेतलं होतं.

आता मी ओळ मराठीत सांगितली, तीही जरा तपासा. 'आई गेली' म्हटलं की आवाज खाली येतो. 'आई वारली' म्हटलं की कुणीतरी निरोप्या बोलतोय असं वाटतं. आणि 'आई मेली'? बोलणाऱ्याकडे आपण वळून बघू. क्रियापद बदललं की माणूस बदलला. म्हणजे स्वभाव दिसतो तो आधी कथेतल्या 'मी'चा, मर्सोचा. लेखक त्याच्या मागे उभा असतो, आणि आपण मर्सोचंच माप काम्यूच्या अंगाला लावून बसतो.

काही लेखक मात्र उंबऱ्यावरच दात काढतात. सर्व्हान्तिसचा 'डॉन किहोते', १६०५. स्पेनमधल्या ला मांचातल्या एका गावाची गोष्ट आहे, पण गावाचं नाव आठवायची आपली इच्छा नाही, म्हणतो! पुढे नवव्या प्रकरणात तर हात वर करतो : गोष्ट माझी नाहीच, एका अरबी हस्तलिखितातली आहे. खोडकर म्हातारा.

(पडद्यावर : खोडाखोडीने भरलेलं पान. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.)

माणूस खरा सापडतो तो इथे, काट मारलेल्या शब्दांत. ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीच्या पहिल्या ओळीतली घड्याळं तेराचे टोले देतात, हे वाचणाऱ्यांना पाठ आहे. पण सुरुवातीच्या एका खर्ड्यात घड्याळं नव्हती. दहा लाख रेडिओ तेरा वाजवत होते. रेडिओ भारदस्त, आकडाही दणदणीत. आणि पठ्ठ्याने दोन्ही काढून टाकले. उरला एप्रिलमधला थंड, लख्ख दिवस, साधी घड्याळं, आणि एकच आकडा चुकलेला. वाचकाला तो आपणहून खटकेल, याची ऑर्वेलला खात्री असणार. अशी खात्री नसलेला लेखक रेडिओ ठेवून देतो, वर एक उद्गारचिन्हही टाकतो.

(टाइपरायटरचा आवाज थांबतो. बारीक, घाईच्या अक्षरातलं हस्तलिखित.)

४ जानेवारी १९६०. मोटार अपघातात काम्यू गेला. वय ४६. त्याच्या बॅगेत एका अपुऱ्या कादंबरीची १४४ पानं होती. हाताने लिहिलेली, कित्येक जागी विरामचिन्हांशिवाय पळणारी. लहानपणाची, बापाशिवाय वाढलेल्या मुलाची गोष्ट. ती छापली जायला १९९४ उजाडलं.

काम्यूच्या आईला जेमतेम ऐकू यायचं. ती दुसऱ्यांच्या घरी साफसफाईची कामं करायची. अक्षरओळख नव्हती. मुलाला नोबेल मिळालं, तरी त्याची एक ओळही तिला वाचता आली नाही.

या कादंबरीत, गोष्ट सुरू होण्याआधी, अर्पणाची ओळ आहे.

(पडद्यावर फक्त अक्षरं. निवेदक सावकाश वाचतो.)

"तुला, जिला हे पुस्तक कधीच वाचता येणार नाही."